सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर सिकलसेल किटची पडताळणी: समुदाय सहभागाची योजना कशी लिहायची?

पीएसएम_मखमलाबाद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कम्युनिटी मेडिसिनच्या एमडी प्रबंधासाठी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत सिकलसेलच्या (आनुवंशिक रक्तविकाराच्या) किटची पडताळणी करायची आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन दहा मिनिटांत निकाल देणारं कार्ड-किट, नेहमीची सोल्युबिलिटी चाचणी (रक्त घातल्यावर रिएजंट गढूळ होतं का ते पाहणारी) आणि प्रमाण म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची तपासणी), अशी तिन्हींची तुलना. प्रयोगशाळेत किट चांगलं चालतं. पाड्यावर, आशाताईंच्या हातात ते तसंच चालतं का, एवढाच प्रश्न आहे.

सध्याचा आराखडा असा: वय ६ महिने ते ४० वर्षं, ५०० जण, नोव्हेंबर ते फेब्रुवारी (रस्ते कोरडे असतात), सकाळी शिबिर, दुपारी नमुने नाशिकला. किट किंवा सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की तो नमुना एचपीएलसीला. गावाकडून सरपंचांचं पत्र.

नैतिकता समितीने दोन शेरे मारून प्रस्ताव परत पाठवला आहे: समुदाय सहभाग म्हणजे नेमकं काय करणार ते लिहा, आणि निकाल कोणाला, कसा, किती दिवसांत कळवणार ते लिहा. मसुद्यात सध्या "जनजागृती शिबिरे घेण्यात येतील" एवढी एकच ओळ आहे. त्या जागी काय यायला हवं? बाकी आराखड्यात काही खटकत असेल तर तेही सांगा.

---

हतगड_घाट

सगळ्यात आधी तारखा बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुरगाणा-पेठची माणसं पाड्यावर नसतात. भात कापून, नागली-वरई खळ्यात आली की टोळ्या दिंडोरी, निफाड, चांदवडच्या द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबर छाटणीनंतरचं डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), मग जानेवारीपासून तोडणी आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. काही जण मुकादमाबरोबर मुक्कामीच जातात, काही गिरणाऱ्याच्या नाक्यावर रोज उभे राहतात. घरी राहतात म्हातारे, शाळेतली पोरं आणि ज्यांना काम झेपत नाही ते.

ही निव्वळ गैरसोयीची गोष्ट नाही, तुमचं विज्ञान इथेच बिघडतं. सिकलसेलचा रुग्ण सांधे धरतात, दम लागतो म्हणून बागेत जात नाही. धडधाकट वाहक (एकच सदोष जनुक असलेला, स्वतः आजारी नसलेला) मात्र बागेत असतो. म्हणजे शिबिरात रुग्ण जास्त, वाहक कमी आणि २० ते ४० वयोगट जवळपास गायब. त्यावरून काढलेलं प्रमाण त्या पाड्याचं नसतं, त्या दिवशी घरी असलेल्या माणसांचं असतं.

रक्त घ्यायला योग्य काळ म्हणजे आवणी आटोपल्यानंतर आणि भातकापणीच्या आधी, साधारण ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर. माणसं घरी असतात आणि दुपारनंतर थोडी मोकळी असतात. अडचण पावसाची, त्यामुळे राखीव दिवस धरून ठेवा आणि घाट बंद झाला तर नमुने कुठे ठेवायचे हे आधी ठरवा (ग्रामीण रुग्णालयाचा फ्रिज, तोही लेखी परवानगीने). होळीला बहुतेक सगळे गावी येतात, पण सणात सुया घेऊन जाऊ नका. तो काळ बैठकांसाठी वापरा. आठवडे बाजाराच्या दिवशी शिबिर ठेवू नका, कोणी येणार नाही.

बागेच्या बांधावर किंवा मजूर नाक्यावर रक्त घ्यायचा मोह होईल, कारण तिथे एका जागी शंभर माणसं सापडतात. तो टाळा. मुकादम शेजारी उभा असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही. शिवाय निकाल त्याच्या कानावर गेला तर माणसाचा रोज बुडू शकतो.

दुसरी गोष्ट सरपंचांच्या पत्राची. एका ग्रामपंचायतीत पाच-सात पाडे असतात आणि पाड्यापाड्यात जमात, नातीगोती, जुने वाद वेगवेगळे असतात. सरपंच ज्या पाड्याचे, तिथे गर्दी होते आणि ओढ्यापलीकडचा कातकऱ्यांचा पाडा कोरा राहतो. पेठ आणि सुरगाणा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणजे पेसा (तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू. ग्रामसभेत विषय ठेवा, ठराव घ्या, पण त्याआधी प्रत्येक पाड्यावर संध्याकाळची बैठक घ्या, सातनंतर, चूल पेटायच्या वेळेला नको. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बचत गटाच्या बाया आणि भगत, सगळ्यांना बोलवा. भगताला वगळलं तर शिबिराच्या आदल्या रात्री पाड्यात काय बोलणं होईल त्यावर तुमचा काही ताबा नाही. अंगदुखी-कावीळ घेऊन माणूस पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे "असा रुग्ण आला तर आमच्याकडेही पाठवा" ही विनंती त्यांना मानाने करा.

बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: रक्त नेऊन विकता का? उत्तर भाषणाने देऊ नका. रिकामी ट्यूब हातात द्या, २ मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि ते चहाच्या चमच्यात ओता. अर्धा चमचासुद्धा भरत नाही. मग ते कुठे जातं, कोणत्या मशीनमध्ये घालतात, उरलेलं कुठे टाकतात हे सांगा. नळी हातोहात फिरू द्या.

---

बायोस्टॅट_कॉलेजरोड

पॉझिटिव्ह तेवढेच एचपीएलसीला पाठवायचे, ही ओळ आजच खोडा. तसं केलं तर किटने सोडलेले रुग्ण तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. किट निगेटिव्ह आणि सोल्युबिलिटी निगेटिव्ह आलेल्यांत खरे पॉझिटिव्ह किती, हेच मोजायचं आहे आणि नेमका तोच गठ्ठा तुम्ही तपासत नाही. सेन्सिटिव्हिटी (खऱ्या पॉझिटिव्हपैकी किती टक्के पकडले) शंभराच्या जवळ दिसेल आणि ती खोटी असेल. सगळ्यांचं एचपीएलसी करा. पैसे पुरत नसतील तर निगेटिव्हपैकी ठरावीक टक्के यादृच्छिक निवडून तपासा आणि विश्लेषणात त्याचं वजन द्या. ही टक्केवारी आधी लिहून ठेवायची, नंतर सोयीने ठरवायची नाही.

आता ५०० या आकड्याचं बघू. सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के गृहीत धरली आणि ती ± ५ टक्क्यांत हवी असेल तर १.९६ चा वर्ग × ०.९५ × ०.०५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ७३ खरे पॉझिटिव्ह लागतात. पाड्यांवर वाहकांचं प्रमाण १० टक्के धरलं (हे गृहीत आहे, तुमच्या भागातली आधीच्या तपासणीची आकडेवारी मिळवून बदला), तर ७३० माणसं. शिवाय एका पाड्यावरची माणसं एकमेकांची नातलग असतात, त्यामुळे ती स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. पाड्यामागे ३० जण आणि गटांतर्गत सहसंबंध (एका पाड्यातली माणसं एकमेकांसारखी किती) ०.०२ धरला तर डिझाइन इफेक्ट (त्यापायी नमुना किती पट वाढवायचा) १ + २९ × ०.०२ = १.५८. ७३० × १.५८ म्हणजे सुमारे ११५३. गुठळी झालेले, अपुरे, लेबल पुसलेले नमुने ५ टक्के धरून १२१५ च्या आसपास. ५०० जणांत तुम्हाला ५० पॉझिटिव्ह मिळतील आणि डिझाइन इफेक्ट धरला तर अंतर ± ७ ते ८ टक्क्यांपर्यंत जाईल. त्यावर कोणी कार्यक्रमाचा निर्णय घेणार नाही.

आणखी एक अडचण आहे. १० टक्के वाहक असतील तर जनुकाची वारंवारता ५ टक्क्यांच्या थोडी वर जाते, म्हणजे एसएस रुग्ण (दोन्ही जनुकं सदोष असलेले) हजारी तीनच्या आत. ५०० मध्ये एक किंवा दोन. वाहक आणि रुग्ण यांतला फरक किट ओळखतं का, याचं उत्तर पाड्यावरच्या नमुन्यांतून मिळूच शकत नाही. त्यासाठी रुग्णालयात आधीच नोंद असलेल्या रुग्णांचा वेगळा गट घ्या आणि तो वेगळाच मांडा. दोन्ही एकत्र करून एकच टक्केवारी काढू नका.

वाचणारे दोघं ठेवा, आशाताई आणि तंत्रज्ञ, एकमेकांचं न पाहता. त्यांच्यातला कप्पा (दोघांची वाचनं किती जुळतात याचा सांख्यिकी निर्देशांक, kappa) काढा. तुमचा प्रश्न "आशाताईंच्या हातात चालतं का" हा असेल तर तोच खरा निकाल. अहवाल स्टार्ड २०१५ च्या (निदान-चाचण्यांच्या अभ्यासांचा अहवाल लिहिण्याची यादी) ३० मुद्द्यांप्रमाणे लिहा. ती यादी आत्ताच समोर ठेवली तर प्रोटोकॉलमधल्या निम्म्या फटी दिसतील.

---

लॅब_पंचवटी

नमुना आणि चाचणी, दोन्हींबद्दल लिहितो. इथे घोळ झाला तर वरची सगळी गणितं वाया.

२ मिली, के-टू ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन), जांभळ्या टोपणाची ट्यूब. खुणेपर्यंत भरा. कमी भरली तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आकसतात. भरल्यावर लगेच ८ ते १० वेळा अलगद उलटसुलट करायची, हलवायची नाही. लहान मुलांत सुई-सिरिंजने हळूहळू रक्त येतं आणि गुठळी होते, म्हणून तिथे बालरोगाचा सराव असलेली सिस्टर ठेवा. शिबिरातली निम्मी नाराजी दुसऱ्यांदा टोचण्यामुळे होते.

वाहतुकीला लसीचा व्हॅक्सिन कॅरिअर उत्तम, प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांना त्याची सवय असते. चार आइसपॅक, पण फ्रीझरमधून काढून थेट नाही. पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचे. ट्यूब पॅकला चिकटू द्यायच्या नाहीत, मध्ये पुठ्ठा किंवा फोम. गोठलेलं रक्त फुटतं आणि त्या नमुन्याचं काही करता येत नाही. २ ते ८ अंशांत ठेवलेला नमुना एचपीएलसीला आठवडाभर चालतो, त्यामुळे सुरगाण्याहून त्याच दुपारी नव्वद किलोमीटर धावत यायची सक्ती नाही. घाटात अडकलात तरी घाबरू नका, फक्त थर्मामीटरची नोंद ठेवा.

सोल्युबिलिटीत चुका कुठे होतात ते सांगतो. रिएजंटमधलं सोडियम डायथायोनाइट हवेने आणि ओलाव्याने मरतं. पाड्यावर बाटली उघडी राहिली की दुपारपर्यंत सगळे निगेटिव्ह. फ्रिजमधून काढलेलं थंड रिएजंट तसंच वापरलं तरी खोटं निगेटिव्ह येतं. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. २ मिली रिएजंटमध्ये २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबून मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसत नसतील तर पॉझिटिव्ह. रोज सकाळी पहिल्या माणसाच्या आधी एक माहीत असलेला वाहक नमुना आणि एक माहीत असलेला सामान्य नमुना लावायचा. दोन्ही बरोबर आल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही, आणि रिएजंटची नवी बाटली उघडली की पुन्हा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रक्तातला एस (सिकलचं हिमोग्लोबिन) कमी पडून चाचणी फसते. अशा वेळी रक्ताचं प्रमाण दुप्पट करतात, पण ते वेगळं नोंदवा. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथे ही चाचणी लावूच नये. तुमची वयाची खालची मर्यादा सहा महिने आहे, ती एक वर्ष केलीत तर निकाल अधिक स्वच्छ येतील. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले वगळा. रुग्ण असूनही ते वाहकासारखे दिसतात.

कार्ड-किटबद्दल एक फार महत्त्वाचं. काही किटमध्ये रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे. काहींत बरोबर उलटं, रेघ उमटली म्हणजे ते नाही. गर्भधारणेच्या किटची सवय असलेल्या आशाताई दुसऱ्या प्रकारचं कार्ड हमखास उलट वाचतात. किटचा प्रकार पाहून मराठी चित्रतक्ता बनवा, प्रशिक्षणात निकाल माहीत असलेली २० कार्डं वाचायला द्या, आणि १९ तरी बरोबर आल्याशिवाय शिबिराला बसवू नका. वाचायची वेळ घड्याळाने. उशिरा वाचलेल्या कार्डावर फिकट रेघा फसवतात. किट ओलाव्याने बिघडतं, पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा. सप्टेंबरात तर नक्कीच.

एचपीएलसीला "अंतिम सत्य" म्हणताना जरा सांभाळून. यंत्राच्या आलेखात एसच्या खिडकीत (ठरलेल्या जागेत) हिमोग्लोबिनचे दुसरेही काही प्रकार येतात, म्हणून सोल्युबिलिटीशी ताळा करायचा. एस आणि बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी तयार होण्याचा आनुवंशिक विकार) एकत्र असेल तर काही प्रकारांत चित्र एसएससारखंच दिसतं. ए-टू (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) वाढलेलं असेल, लाल पेशींचा आकार लहान असेल तर आई-वडिलांचे नमुने लागतात. कार्डाला ए-टू दिसतच नाही. आपल्याकडच्या रुग्णांत एफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) बऱ्यापैकी जास्त असतं, त्यामुळे ते पाहून दचकू नका. गुंतागुंतीच्या नमुन्यांसाठी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेशी आधीच बोलून ठेवा, अभ्यास सुरू झाल्यावर नाही.

किटला अजून परवाना नसेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते. ती प्रबंधाच्या मुदतीत बसते का ते बघा.

---

पीएसएम_मखमलाबाद

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा बदलते, सगळ्यांचं एचपीएलसी धरते. किट परवानाधारक आहे. पण १२०० जण गाठायचे तर आश्रमशाळा घ्याव्यात असं वाटतंय. एका वसतिगृहात तीनशे-चारशे मुलं मिळतात, मुख्याध्यापक सही द्यायला तयार असतात. शिवाय शिबिराला येणाऱ्यांना काही रक्कम देता येते का?

---

संमतीपत्र_वाचक

ताई, मुख्याध्यापकांची सही ही शाळेत प्रवेशाची परवानगी. ती पालकांची संमती नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकाची लेखी संमती, ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा लेखी होकार. किमान जोखमीच्या अभ्यासात एका पालकाची सही पुरते. आश्रमशाळेत पालक वीस-तीस किलोमीटरवर असतात. ते शाळेत येतात सुट्टी लागताना आणि सुट्टी संपताना, पोरांना न्यायला-सोडायला. संमतीचं काम त्या दिवसांना जोडा. मुलाने नको म्हटलं तर विषय संपला, पालकाची सही असली तरी.

आणि शाळा घेतलीत तर निकालाची जबाबदारी दुप्पट होते. एका खोलीत तीस मुलं झोपतात. कोणाला बोलावलं, कोणाला कार्ड दिलं, हे दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. पॉझिटिव्ह मुलांनाच बोलावू नका. बोलवायचं तर सगळ्यांना एकेक करून, सगळ्यांना सारखंच बंद पाकीट, आणि निकाल पालकांसमोर. हे जमणार नसेल तर शाळा घेऊ नका.

प्रौढांच्या संमतीबद्दल. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावात यायची परवानगी. त्याने एकाही माणसाची वैयक्तिक संमती भरून निघत नाही, आणि ठराव झालाय म्हणून नको म्हणणाऱ्यावर दबाव येत नाही ना, हे बघणं तुमचं काम. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, अभ्यासाशी संबंध नसलेला. आशाताईंना अभ्यासातून मानधन मिळत असेल तर त्या साक्षीदार होऊ शकत नाहीत. हा दोष कागदपत्रांत वारंवार दिसतो. अंगठा सहभागीचा, सही साक्षीदाराची, तारीख ज्याने-त्याने स्वतः घालायची.

पत्रक पुस्तकी मराठीत लिहून "स्थानिक भाषेत समजावले" असं म्हणून चालत नाही. कोकणा आणि भिल्ल घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना शहरी मराठी अर्धवट पोचते. पाड्यातल्याच दोन माणसांकडून मजकूर बोलून घ्या, ध्वनिमुद्रित करा, तिसऱ्याकडून त्याचं परत मराठीत सांगून घ्या आणि ताळा करा. संमती घेताना शेवटी तीन प्रश्न विचारा: रक्त कशासाठी घेतोय? नाही म्हटलं तर दवाखान्यात काही फरक पडेल का? निकाल कोणाला कळणार? तिन्हींची उत्तरं त्या माणसाने स्वतःच्या शब्दांत दिली की मगच सही. दुसऱ्या प्रश्नावर अडखळले तर पुन्हा समजवा, कारण सरकारी दवाखान्यातली माणसं आली की नाही म्हणायची सोय नसते, असाच बऱ्याच जणांचा समज असतो.

पैशांचं: बुडालेला रोज आणि प्रवासखर्च देता येतो, समितीच्या मंजुरीने आणि पत्रकात लिहून. सगळ्यांना सारखा, रक्त दिलं की नाही यावर अवलंबून नसलेला. बैठकीला आलेल्यांना चहा-नाश्ता द्यायला हरकत नाही. मुलांच्या बदल्यात पालकांना रोख रक्कम देऊ नका.

उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवणार असाल तर त्याला वेगळी संमती, वेगळी चौकट. मुख्य संमतीत ते वाक्य मुरवू नका. सीटीआरआयवर (वैद्यकीय अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी करून टाका.

---

समुपदेशक_कळवण

दुसऱ्या शेऱ्याबद्दल, म्हणजे निकाल. माझ्या मते पूर्ण अभ्यासातली सगळ्यात धोक्याची जागा हीच, आणि मसुद्यात तिला सगळ्यात कमी जागा असते.

किटचा निकाल शिबिरात सांगू नका. अभ्यास किटची परीक्षा घेतोय, म्हणजे किट चुकू शकतं हे तुम्हीच मान्य केलंय. एचपीएलसी आल्यावरच निकाल. मुदत लिहा, समजा २१ दिवस, आणि ती पाळा. रक्त नेऊन कोणी परत आलं नाही, हाच पाड्यांवरचा जुना अनुभव असतो. निकाल निगेटिव्ह असला तरी प्रत्येकाला कागद द्या. परत येणं हाच तुमचा समुदाय सहभाग, आणि त्यासाठी गाडीचा खर्च पहिल्याच दिवसापासून अंदाजपत्रकात वेगळा काढून ठेवा.

निकाल घरोघरी, एकेकट्याला. ग्रामसभेत यादी वाचणं, आशाताईंच्या वहीत नावापुढे लाल खूण करणं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं, यातलं काहीही नको. पॉझिटिव्ह घरासमोर गाडी थांबली की कळतं, म्हणून सगळ्याच घरांसमोर थांबायची. लग्नाच्या वयाच्या मुलीचा निकाल तिच्या सासरी पोचला तर त्याचे परिणाम तीच भोगते, नवरा वाहक असला तरी. १८ वर्षांवरच्या बाईचा निकाल तिलाच. नवऱ्याला सांगायचा की नाही, ते ती ठरवेल.

वाहकाला तीन गोष्टी ठासून सांगायच्या: तुम्ही आजारी नाही, गोळी लागत नाही, काम करायला हरकत नाही. हे नीट सांगितलं नाही तर माणूस आयुष्यभर "माझ्या रक्तात दोष आहे" म्हणत शक्तीची इंजेक्शनं घेत बसतो.

दोघंही वाहक असतील तर "चारपैकी एक" असं नुसतं सांगू नका. पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन बरी, असा अर्थ काढला जातो. त्यापेक्षा नवऱ्याच्या मुठीत एक तांदूळ (चांगलं जनुक), एक उडीद (सिकलचं जनुक), बायकोच्या मुठीत एक तांदूळ, एक उडीद. डोळे मिटून प्रत्येकाने एक दाणा काढायचा, जोडी बघायची, दाणे परत मुठीत. पुन्हा काढायचा. आठ-दहा वेळा त्यांनाच करू द्या. उडीद-उडीद लागोपाठ दोनदा येतं, कधी बराच वेळ येत नाही. प्रत्येक गरोदरपणात पहिल्यापासून तेवढाच धोका, हे हाताला कळतं. त्यानंतरच गर्भजल आणि गर्भनाळेच्या तपासणीची माहिती द्या, निर्णय त्यांचा. लग्न मोडा, मूल पाडा असं सुचवणं समुपदेशकाचं काम नाही.

आणि एक प्रसंग योजनेत आधीच लिहून ठेवा: मूल वाहक, आई-वडील दोघंही सामान्य. सर्वात आधी नमुन्यांची अदलाबदल, लेबल, रक्त चढवल्याचा इतिहास तपासा आणि गाजावाजा न करता नमुने परत घ्या. तरीही तसंच आलं तर जैविक पालकत्वाबद्दल कोणीही, अगदी आईलाही, काही बोलायचं नाही. मुलाचा निकाल आणि त्याचा अर्थ एवढंच सांगायचं. कुटुंबातल्या निकालांची तुलना करणारा एकच तक्ता कोणाच्याही हाती देऊ नका. हे टीमला माहीत नसेल तर एखादा उत्साही इंटर्न अंगणातच बोलून जातो आणि घर मोडतं.

---

हतगड_घाट

कळवणच्या ताईंशी एका बाबतीत मतभेद आहे. २१ दिवस सगळ्यांना ठीक, पण किट आणि सोल्युबिलिटी दोन्हींत रुग्ण वाटणारं, फिकट, ताप आलेलं, हात-पाय सुजलेलं मूल समोर असेल तर थांबायचं नाही. अभ्यासाचा निकाल म्हणून नव्हे, आजारी मूल म्हणून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात. ही तरतूद वेगळी लिहा.

---

समुपदेशक_कळवण

मान्य, ती तरतूद हवीच. संदर्भचिठ्ठीवर मात्र लक्षणं लिहा, किटचा निकाल नको.

---

औषधनिर्माता_दिंडोरीरोड

सापडलेल्या रुग्णांचं पुढे काय, हेही प्रस्तावात हवं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तुमचे निकाल त्या नोंदणीत गेले नाहीत तर त्याच माणसाला पुढच्या वर्षी परत टोचतील. नाव देऊन निकाल मोहिमेकडे देणार असाल तर ते संमतीपत्रात स्पष्ट लिहा.

हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलच्या रुग्णांना देतात ते औषध) साधारण किलोमागे १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे १५-२० किलोच्या मुलाचा डोस बसवायला अडचण. सुरुवातीला दर पंधरवड्याने, मग महिन्याने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) २००० च्या किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या तर औषध थांबवतात. गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे गोळीइतकीच सीबीसीची सोय महत्त्वाची. तिथे मशीन चालू आहे का, रिएजंट आहे का, हे अभ्यासाआधी विचारा. बागेच्या हंगामात रुग्ण निफाडला गेला तर गोळ्या कुठून घेणार, हाही प्रश्न खरा आहे. दोन महिन्यांचा साठा आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावाने चिठ्ठी देता आली तर औषध तुटत नाही.

संशोधनाच्या भाषेत टी-झिरो ते टी-फोर अशा पायऱ्या मांडतात, जनुकापासून समाजाच्या आरोग्यापर्यंत. सिकलसेलमध्ये पहिली पायरी १९४९ मध्येच रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी बांधली आणि भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा विकार सापडला. गोळी आणि चाचणी दोन्ही आहेत. अडलंय ते शेवटच्या टप्प्यात, म्हणून तुमचा विषय मोलाचा आहे. नीट करा.

---

पीएसएम_मखमलाबाद

प्रस्ताव नव्याने लिहायला घेतला आहे. मार्च ते मे पाड्यांवर बैठका आणि पाड्यांतल्याच माणसांचा सल्लागार गट, जूनमध्ये आशाताईंचं प्रशिक्षण, ऑगस्ट-सप्टेंबरात रक्त, २१ दिवसांत घरपोच निकाल. आश्रमशाळा सोडून देते. दोन गोष्टी राहिल्या: सल्लागार गटात किती जण, आणि परवानगीची पत्रं नेमकी कोणाची?

---

संमतीपत्र_वाचक

गटात दहा-बारा जण, निम्म्या बाया, प्रत्येक जमातीचा किमान एक, आणि सिकलसेल असलेल्या घरातलं एक माणूस, ते स्वतःहून तयार असेल तरच. त्यांना नुसती माहिती देऊ नका, अधिकार द्या: पत्रकाचा मजकूर, शिबिराची जागा-वेळ आणि निकाल सांगायची पद्धत त्यांनी बदलायला सांगितली तर बदलायची, आणि समितीकडे दुरुस्ती पाठवायची. लेखात पाड्याचं नाव येऊ देऊ नका. वीस घरांच्या पाड्यात "२८ वर्षांची स्त्री, एसएस" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तालुका पातळीवर मांडा. एखाद्या जमातीचं नाव टक्केवारीसकट छापायचं असेल तर आधी या गटाला दाखवा.

---

हतगड_घाट

पत्रांचं असं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आशाताईंचा वेळ मागायचा तोही तिथेच. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. फ्रिज वापरायचा असेल तर हे दुसरं पत्र लागेल, पहिल्यावर भागत नाही. आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना माहितीचं पत्र द्यायचं झालं तर दोन द्या: पेठ नाशिक प्रकल्पात येतं, सुरगाणा कळवण प्रकल्पात. अंगणवाडी सेविकांसाठी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं वेगळं. सगळ्यांना समितीच्या मंजुरीची प्रत जोडा, आणि अर्ज फेब्रुवारीतच टाका. मार्चअखेरीस कार्यालयांत दुसरं काही हलत नाही.